पीटेनपोलच्या रिब आणि फ्यूजलाजसाठी भंगारातून जिग: काय चालेल, काय नाही?

गच्चीवरचा (पुणे)

राम राम मंडळी. पीटेनपोल एअर कॅम्पर बांधायला घेतोय. १९२९ सालचं, फोर्ड मॉडेल ए गाडीच्या इंजिनावर उडालेलं लाकडी विमान. प्लॅन हातात आहेत. स्प्रूसचं लाकूड, गसेटचा (सांध्यावर चिकटवायच्या तुकड्यांचा) प्लाय आणि बोल्ट बाहेरून प्रमाणपत्रासकट येणार आहेत, त्यात काटकसर नाही. काटकसर करायची आहे ती जिगमध्ये, म्हणजे भाग चिकटवताना नेमक्या जागी धरणाऱ्या साच्यात. चारकोपच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी सहा आसनी विमान बांधून २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ठेवलं, तेव्हा जागेचा बहाणा मला चालणार नाही. माझ्याकडे गच्चीवर पत्र्याची शेड आहे.

मोजमापं अशी: रिबची (पंखाला आकार देणारी फासळी) कॉर्ड, म्हणजे नाकापासून शेपटीपर्यंतची लांबी, ६० इंच (१५२४ मिमी). कॅपस्ट्रिप (रिबच्या कडेची वरची-खालची पट्टी) पाव इंच जाड आणि अर्धा इंच रुंद. स्पार (पंखाच्या लांबीने जाणारी मुख्य तुळई) एक इंच जाड, पावणेपाच इंच उंच. रिब तीसेक.

सोसायटीत दोन फ्लॅटचं नूतनीकरण चालू आहे, तिथून आणि जुन्या बाजारातून हे जमलंय:

- फ्लश डोअर ३ नग, ७ × ३ फूट, ३५ मिमी
- दोन्ही बाजूंनी सनमायका लावलेले किचनचे पार्टिकल बोर्ड, १८ मिमी
- सागवानी दाराच्या चौकटी
- शटरिंग प्लाय, ९ आणि १२ मिमी
- ओट्याचा कडप्पा, दोन तुकडे
- रॅकचे स्लॉटेड अँगल, काही जीआय (जस्त चढवलेले) पाइप
- ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडकीचे सेक्शन
- आयात मशीनच्या खोक्याचं पाइन, गाठी कमी, दिसायला झकास
- जुन्या प्रिंटरमधल्या चकचकीत दांड्या, मूठभर ६०८ बेअरिंगं

प्रश्न: १) रिबचा जिग कशावर बांधू? २) फ्यूजलाजच्या (विमानाच्या धडाच्या) बाजू आडव्या जुळवायला १६ फुटी टेबल हवंय, ते सपाट आहे हे कसं ठरवू? ३) स्पारमध्ये बोल्टची भोकं काटकोनात कशी पाडायची? माझ्याकडे फक्त हातातलं ड्रिल आहे. ४) ते पाइन रिबला वापरलं तर?

---

पाचर

चौथ्याचं उत्तर आधी: नाही. खोक्याच्या पाइनला इतिहास असतो आणि तो दिसत नाही. क्रेनवरून आपटलेल्या फळीत आडवे दाब-चट्टे पडतात, रंधा मारला की गायब होतात आणि वजन आलं की तिथेच मोडते. भंगार जिगमध्ये राहील, विमानात जाणार नाही. एवढी रेघ आखली की बाकी सगळं सोपं.

आता रिब जिग. पाया म्हणून फ्लश डोअर घ्या, पण आधी बोटाच्या पेराने ठोकून बघा. सगळीकडे भरीव आवाज आला तर आत लाकडी पट्ट्या आहेत. डबडब वाजला तर आत कागदी जाळी आहे, त्यात स्क्रू धरत नाही, ते दार टेबलाला वापरा. दारावर जुना ऑइल पेंट असेल तर कोरडा घासू नका, शिसं असू शकतं. ओला पॉलिश पेपर लावा.

पीळ तपासायला दोन दोरे कर्णावर ताणा, चारही टोकांखाली एकाच सालची पाच रुपयांची नाणी ठेवा. मधोमध दोरे एकमेकांना जेमतेम टेकले पाहिजेत. मग खालचा दोरा वर, वरचा खाली करून पुन्हा बघा. एकदा फट आणि एकदा दाब आला तर दार पिळलंय, फट जेवढी त्याच्या दुप्पट एक कोपरा उचललेला आहे. रिब जिगला १ मिमीपर्यंत सोडून द्या, त्याहून जास्त असेल तर दुसरं दार.

सनमायकाचे बोर्ड मुख्य जिगला नकोत. पार्टिकल बोर्डात स्क्रू दोनदा काढला की भोक भुसा होतं. पण दुसऱ्या बाजूचे गसेट चिकटवताना सपाट पाट लागतो, त्याला हेच उत्तम.

रेखाटन कागदावर छापून चिकटवू नका. प्लॉटरने ०.२ टक्के चूक केली तरी १५२४ मिमीवर ३ मिमी होतात, आणि जुलैत तोच कागद रुंदीच्या दिशेने अजून फुगतो. दारावर पांढरा प्रायमर मारा, कॉर्डची रेघ ओढा, नाकापासून शून्य धरून प्रत्येक स्टेशन (प्लॅनमध्ये माप दिलेली जागा) थेट मोजा. साखळी मापं घेऊ नका: एका स्टेशनपासून पुढचं, त्यापासून त्याच्या पुढचं असं गेलात तर अर्धा-अर्धा मिमी साठत जातो. इंचाचं मिमी करताना २५.४ ने गुणा आणि गोळाबेरीज शेवटी करा.

बिंदू पडले की प्रत्येकावर खिळा ठोका आणि कॅपस्ट्रिपचीच एक लांब पट्टी त्यांना टेकवून वाकवा. डोळा दाराच्या पातळीला आणून पट्टीच्या लांबीने बघा. उंचवटा असेल तर असा दिसतो, वरून बघून कधीच कळत नाही. एखादा बिंदू पट्टीबाहेर गेला तर आधी प्लॅनमधला आकडा पुन्हा वाचा. दहापैकी नऊ वेळा वाचण्यात चूक असते.

ही रेघ म्हणजे कापडाखालचा पृष्ठभाग, म्हणजे कॅपस्ट्रिपची बाहेरची कड. नाकावर पातळ प्लाय गुंडाळायचा विचार असेल तर तेवढ्या भागात त्याची जाडी आतल्या बाजूला वजा करा. हे विसरलं की प्लाय संपतो तिथे पायरी येते आणि ती कापडावर कायम दिसते.

आता ठोकळे, इथे वेळ घालवा. रिब जिगमध्ये आडवी पडलेली असते, त्यामुळे पट्टीची उंची १२.७ मिमी. ठोकळा ९ मिमीचा ठेवा. मग गसेट वरून पट्टीवर नीट बसतो, ठोकळ्याला अडत नाही, आणि ओघळलेला गोंद ठोकळ्यापर्यंत पोचायला थोडा वेळ लागतो. तुमचा ९ मिमीचा शटरिंग प्लाय त्यासाठीच आहे. कडा सिमेंटने फुगलेल्या असतील त्या २ इंच कापून टाका. फिल्मवर गोंद धरत नाही, म्हणून खालची बाजू घासून घ्या, फेविकॉल लावा आणि प्रत्येक ठोकळ्याला दोन स्क्रू मारा. एका स्क्रूवर ठोकळा फिरतो आणि फिरलेला कळत नाही. (फेविकॉल जिगला चालतो. रिबला नाही, उष्णतेत आणि सततच्या भाराखाली तो सरकतो.)

बाहेरचे ठोकळे पक्के: सरळ भागात दर ८० ते १०० मिमीला, नाकाजवळ दर ४० मिमीला. पट्टीकडची कड पटाशीने किंचित गोल करा, म्हणजे ठोकळा एकाच जागी टेकतो. सपाट कड ठेवलीत तर तिचा एक कोपरा पट्टीत रुततो.

आतून दाबायला पाचरी नकोत (माझं नाव काहीही असो). पाचर ठोकताना पट्टी पुढे सरकते. त्याऐवजी स्वयंपाकघरातला जुना पांढरा पॉलिथिनचा चॉपिंग बोर्ड शोधा. होलसॉने २५ मिमीच्या चकत्या काढा. मधलं भोक सोडून द्या, मध्यापासून ३ मिमी सरकवून दुसरं पाडा आणि त्यातून स्क्रू मारा. चकती फिरवली की ६ मिमीपर्यंत सरकते आणि पट्टी बाहेरच्या ठोकळ्यावर हलकेच दाबली जाते. पॉलिथिनला इपॉक्सी चिकटत नाही हा वरचा फायदा. रिबमागे २५-३० चकत्या लागतील.

स्पारच्या जागी नकली स्पार बसवा, चौकटीच्या सागवानाचा. जाडी २६ मिमी, २५.४ नव्हे. खऱ्या स्पारवर व्हार्निश चढतं, पावसाळ्यात लाकूड फुगतं, आणि तीस रिब एकामागून एक सरकवायच्या असतात. खाच नेमक्या मापाची ठेवलीत तर विसाव्या रिबला हातोडी घ्यावी लागते आणि गसेट सुटतो. उंचीतही अर्धा मिमी जास्त. व्हर्नियरने मोजा, दोन्ही टोकांना.

प्रत्येक सांध्याखाली दारात २५ ते ३० मिमीचं आरपार भोक पाडा. खाली ओघळलेला गोंद पायाला चिकटत नाही आणि सकाळी रिब खालून दांडक्याने वर ढकलता येते. भोकं नसलेल्या जिगमधून रिब उपटताना जोर तिरका लागतो.

गोंद लागू नये म्हणून ठोकळ्यांना खाकी पॅकिंग टेप. मेणबत्ती घासू नका, तेल नको, सिलिकॉन स्प्रे तर शेडमध्येच आणू नका. मेणाचा अंश पट्टीवर गेला तर सांधा बाहेरून छान दिसतो आणि आतून धरलेला नसतो.

गसेट दाबायला स्टेपल मारा, पण आधी गसेटवर खोकी बांधायची प्लास्टिकची पट्टी आडवी ठेवा आणि तिच्यावरून मारा. दुसऱ्या दिवशी पट्टीचं टोक धरून ओढलं की सगळे स्टेपल एकदम निघतात. एकेक उपसताना प्लायची वरची पापुद्री सोलते, ते टळतं.

इपॉक्सी टी-८८ असेल तर दोन्ही भाग आकारमानाने समान. पाच मिनिटांत वाळणारी कुठलीही नको. एप्रिल-मेमध्ये तापमान दहा अंशांनी वाढलं की हातातला वेळ साधारण निम्मा होतो, तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये पहाटे काम करा. प्रत्येक मिश्रणातून दोन टाकाऊ पट्ट्या चिकटवून तारीख घाला आणि दुसऱ्या दिवशी तोडा. लाकूड फाटलं पाहिजे. गोंदाची रेघ स्वच्छ सुटली तर त्या दिवसाची रिब बाद.

---

ओळंबा (नाशिक)

वर रिबचं झालं, मी टेबलापुरतं बोलतो.

टेबल लेव्हल असण्यापेक्षा सपाट असणं महत्त्वाचं. लेव्हल हवी ती एवढ्यासाठी की पुढे दोन बाजू उभ्या करून जोडताना ओळंबा वापरता येतो.

तीन दारं टोकाला टोक लावली की ६.४ मीटर होतात. १६ फुटांना, म्हणजे ४.९ मीटरला, अडीच दारं पुरतील. पोकळ दार असेल तर ते मध्ये घालू नका, टोकाला घाला. दारांखाली चौकटीचं सागवान उभ्या कडेवर, लांबीने दोन रांगा, सांधे एकासमोर एक येऊ देऊ नका. पाय स्लॉटेड अँगलचे, दर १.२ मीटरला जोडी, आणि त्यांना तिरके आधार हवेतच. नुसता स्लॉटेड अँगल कात्रीसारखा डुलतो. आडव्या कामाला तो वापरू नका, २ मिमीचा पत्रा आहे तो, झोळ पडतो.

गच्चीला पाणी वाहून जायला उतार असतो, त्यामुळे सगळे पाय सारख्या लांबीचे कापून भागत नाही. पायाखाली १२ मिमीचा बोल्ट आणि नट घाला. गवंड्याची लेव्हल नळी घ्या, त्यातले बुडबुडे काढा, आणि दोन्ही टोकांना पाण्याच्या एकाच कडेवरून वाचा. तिची अचूकता १ मिमी धरा. नळीचं एक टोक उन्हात आणि एक सावलीत ठेवू नका.

त्यापुढचं काम तारेचं. टेबलाच्या लांबीने अर्ध्या मिमीची स्टीलची तार, दोन्ही टोकांना १० मिमीच्या ठोकळ्यावरून, खाली १० किलो वजन लटकवून. दर अर्ध्या मीटरला तिसरा ठोकळा तारेखाली सरकवा. जिथे अडतो तिथे टेबल वर, जिथे फट दिसते तिथे खाली. असं डाव्या कडेला, उजव्या कडेला आणि मधोमध. फट भरायला दार आणि सागवान यांच्यामध्ये जुन्या एक्स-रे फिल्मचे तुकडे घाला, एक फिल्म साधारण ०.१८ मिमी. पुठ्ठा नको, दबतो.

५ मीटरमध्ये १ मिमी आलं की थांबा. त्याखाली जाण्यात अर्थ नाही, पावसाळ्यात दार स्वतःच तेवढं हलतं. उलट ती हालचाल कमी करा: दाराच्या सहाही बाजूंना, विशेषतः वरच्या-खालच्या कापीव कडांना, लाखेचं पॉलिश किंवा सँडिंग सीलर दोन हात. फक्त वरच्या बाजूला मारलंत तर ओल खालून शिरते आणि दार ताटलीसारखं वाकतं.

सरळकाठी म्हणून तुमचे खिडकीचे सेक्शन उत्तम. मात्र आधी तपासा: सेक्शन ठेवून रेघ ओढा, तो लांबीच्या अक्षाभोवती उलटा करून त्याच दोन टोकांना लावा, पुन्हा रेघ ओढा. मधली फट ही चुकीच्या दुप्पट असते. गुण्या असाच तपासायचा, स्पिरिट लेव्हलही. दुकानातून आणलेला नवा गुण्या सुद्धा.

बाजू जुळवताना एक सापळा आहे. पहिली बाजू टेबलावर केली, प्लाय वरून चिकटवला, काढली. दुसरी त्याच ठोकळ्यांत केली, प्लाय पुन्हा वरून. झाल्या दोन डाव्या बाजू! लाकडी सांगाडा दोन्हींचा सारखा करा, पण एका बाजूचा प्लाय उलटवून लावायचा. गोंद ओला असतानाच सांगाड्यावर खडूने ‘डावी, बाहेर’ असं लिहा.

दोन्ही बाजू उभ्या करून जोडताना टेबलावर मध्यरेषा नव्याने ओढा. प्रत्येक आडव्या दांडीचा मध्य काढून तिथून ओळंबा सोडा. लोलक हलत असेल तर पाण्याच्या वाटीत बुडवा. आणि प्रत्येक चौकोनाचे दोन्ही कर्ण मोजा. ओळंबा पीळ सांगत नाही, कर्ण सांगतात. दोन्ही लागतात.

---

उद्यमनगरी (कोल्हापूर)

भोकं आणि वेल्डिंगचं मी घेतो.

स्पारमधून ५/१६ इंची बोल्ट जाणार असेल तर बोल्ट ७.९४ मिमी आणि ६०८ बेअरिंगचं आतलं भोक ८ मिमी. फक्त ०.०६ मिमीची ढिलाई. याहून चांगली ड्रिल बुश (ड्रिलला सरळ धरणारी नळी) भंगारात मिळणार नाही. ६०८ चा बाहेरचा व्यास २२ आणि रुंदी ७. एकच घेतलं तर ७ मिमीत ड्रिल डुलतं, म्हणून दोन घ्या, एकाच्या वर एक, मध्ये ३६ मिमी अंतर.

करायचं असं. सागवानाचा ५० मिमी जाड ठोकळा घ्या, खालचा पृष्ठभाग रंध्याने सपाट करा. मित्राच्या, गॅरेजवाल्याच्या, कुणाच्याही स्टँडच्या ड्रिलवर एकदाच जा. ८.५ मिमीचं भोक आरपार, मग ठोकळा न हलवता त्याच अक्षावर २२ मिमीच्या फोर्स्टनर (सपाट तळाचं भोक पाडणाऱ्या) बिटने वरून ७ मिमी खोल. ठोकळा उलटा करून खालून तेवढंच. फोर्स्टनरचं टोक ८.५ च्या भोकात तरंगतं, म्हणून उलटताना भोकात ८.५ ची लाकडी गुल्ली ठोकून तिच्यावर केंद्र धरा. बेअरिंग दाबून बसवा, प्रिंटरची ८ मिमीची दांडी दोन्हींतून घाला. ती सहज फिरली पाहिजे आणि गुण्याला उभी दिसली पाहिजे. चारही बाजूंनी बघा. वाकडी असेल तर खालचा पृष्ठभाग रंधून जुळवा, बेअरिंग उकरू नका.

दांड्या प्रिंटरप्रमाणे वेगवेगळ्या असतात, व्हर्नियर लावूनच ८ ची निवडा. त्या कडक केलेल्या असतात, हॅकसॉने कापत नाहीत. ग्राइंडरच्या कटिंग चाकाने कापा. लोकेटिंग पिन म्हणून त्यांना तोड नाही.

ठोकळा स्पारला शिकंज्याने बांधा, मागे टाकाऊ लाकडाचा तुकडा घट्ट धरा, नाहीतर ड्रिल बाहेर पडताना तंतू उचकटतात. ७.५ ने पाडा, शेवट ५/१६ च्या रीमरने (भोक नेमक्या मापाला आणणारं हत्यार), बेअरिंगातूनच. सरळ ८ चं ड्रिल मारून ‘बसतंय की’ म्हणू नका. लाकडात सैल बोल्ट म्हणजे भार एका कडेवर.

पाव इंची बोल्टला (६.३५) बेअरिंग ६२६ घ्या, आतलं ६ मिमी. ते ६ च्या पायलटपुरतं, नंतर रीमर पायलटच्या मागे जातो. पत्र्याच्या फिटिंग्ज मात्र या लाकडी ठोकळ्याने पाडू नका, लोखंडाचा बुरा गोळ्यांत अडकतो. त्यांना ६ मिमी एमएस पट्टीची मास्टर प्लेट करा. पहिलं भोक पाडलं की त्यात पिन, मग दुसरं. चारचा गठ्ठा एकदम पाडत असाल तर दोन पिना बसेपर्यंत गठ्ठा सोडायचा नाही.

आता वेल्डिंग. कबान स्ट्रट (पंख धडावर उचलून धरणारे खांब) आणि लँडिंग गिअर ४१३० या मिश्र पोलादाच्या नळीचे असतील. त्यांच्या जिगला जीआय पाइप वापरू नका. जस्ताचा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो, ते एक. दुसरं असं की वितळलेलं जस्त तापलेल्या ४१३० मध्ये कणांच्या सीमेवरून शिरतं आणि तिथे भेग पडते, जी रंगाखाली दिसतही नाही. सांध्यापासून वीतभर अंतरात जीआय, पितळ, तांबं काही नको. पिवळसर झाक असलेले जुने बोल्टही नकोत, त्यावर कॅडमियम असू शकतं आणि त्याचा धूर जस्तापेक्षा वाईट.

कडप्पाही नको. तो चुनखडक आहे, आत ओल असते. टॉर्च लागला की कपच्या बंदुकीच्या छऱ्यासारख्या उडतात. सिमेंटच्या कोब्याचंही तेच. कडप्पा वजन म्हणून वापरा: ६०० × ३०० × २० चा तुकडा जवळपास १० किलोचा असतो, गसेट दाबायला मस्त. सपाट पाट म्हणून त्याचा भरवसा नाही, हातपॉलिशचा असेल तर १-२ मिमी लाटा असतात. ग्रॅनाइट मिळालं तर गोष्ट वेगळी.

वेल्डिंगचा जिग जुन्या सी-चॅनेलवर करा, वजनावर मिळतं. नळी सांध्यापासून ५०-६० मिमी लांब धरायची, म्हणजे टॉर्च चारी बाजूंनी फिरतो. जिगमध्ये फक्त टाके, म्हणजे वेल्डचे छोटे ठिपके. पूर्ण वेल्ड बाहेर काढून, समोरासमोरच्या सांध्यांवर आलटून पालटून. एकाच बाजूने शेवटपर्यंत गेलात तर नळी त्या बाजूला ओढली जाते. टाके मारण्याआधी भोकांत पिना असू द्या, आणि थंड होईपर्यंत काढू नका.

---

सरळरेघ (ओहायो)

ओळंबा यांच्या तारेवर छोटी दुरुस्ती. अर्ध्या मिमीची स्टीलची तार मीटरला दीड ग्रॅम भरते. ५ मीटर अंतर आणि १० किलो ताण धरला तर मधला झोळ सुमारे ०.४८ मिमी येतो. झोळ म्हणजे दर मीटरचं वजन गुणिले अंतराचा वर्ग, भागिले ताणाच्या आठपट. १ मिमीचं टेबल करताना अर्धा मिमी मापातच गेला, आणि तो टेबलाच्या मध्यभागी खोटा उंचवटा दाखवतो. तुम्ही तो घासून काढाल आणि टेबल मध्ये बसेल.

मासेमारीची ०.४ मिमी नायलॉन दोरी घ्या. मीटरला ०.१४ ग्रॅम. फक्त ४ किलो ताणावर झोळ ०.११ मिमी. ती ताणली जाते म्हणून वजन लटकतं ठेवा, बांधून टाकू नका. पंखा बंद, शेडचं दार बंद, वाऱ्याने ती थरथरते. डावं-उजवं सरळपण तपासताना झोळाचा संबंध नाही, तिथे कुठलीही तार चालेल.

रिबच्या अचूकतेबद्दल एक. सगळ्या रिब प्लॅनपेक्षा १ मिमी जाड आल्या तर विमानाला फारसा फरक पडत नाही. डाव्या पंखाच्या एका जिगमधून आणि उजव्याच्या दुसऱ्या जिगमधून आल्या तर पडतो. म्हणून लवकर व्हावं म्हणून दोन जिग करू नका. पहिली रिब भिंतीला टांगा आणि दर पाचवी रिब नकली स्पारच्या दोन तुकड्यांवर तिच्या शेजारी ओवून बघा. शेपटीकडे १ मिमीहून जास्त फरक दिसला तर कुठलातरी ठोकळा हललाय.

---

ओळंबा (नाशिक)

झोळाचा हिशेब बरोबर. नायलॉनच घ्या. स्टीलच वापरायची असेल तर झोळाचा आकडा प्रत्येक ठिकाणी वजा करा, मध्यावर पूर्ण, पाव लांबीवर तीन चतुर्थांश.

---

गच्चीवरचा (पुणे)

सर्वांचे आभार. दारं ठोकून पाहिली, दोन भरीव, एक पोकळ. दोन शंका राहिल्या. नाकाजवळ वरची कॅपस्ट्रिप चकत्यांनी दाबून वाकवली तर जिगमध्ये बसते, पण एवढा ताण आत ठेवून चिकटवणं बरोबर का? आणि खोक्याचं पाइन जिगला तरी चालेल ना?

---

पाचर

पाइन जिगला चालेल, शिक्का बघून. गव्हाच्या कणसाच्या चिन्हाशेजारी एचटी असेल तर नुसतं तापवलेलं. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइडचा धूर दिलेला, ते घेऊ नका. करवतीआधी फळीवरून लोहचुंबक फिरवा, तुटके खिळे आत राहिलेले असतात. त्याचे जाड तुकडे फ्यूजलाजच्या टेबलावरचे ठोकळे होतील.

वाकवण्याबद्दल: ताण ठेवून चिकटवू नका. जिगमधून सुटल्यावर शेपूट वर उचलली जाते, आणि पट्टी आयुष्यभर गसेट सोलायला बघते. त्यासाठी वेगळा वाकवायचा साचा हवा, पाइनच्याच दोन फळ्या एकावर एक स्क्रूने जोडून. नाकाचा वक्र प्लॅनपेक्षा जास्त वळलेला कापा, कारण पट्टी सुटल्यावर मागे येते. किती मागे येते ते तुमच्या लाकडावर अवलंबून. तीन टाकाऊ पट्ट्या वाकवून बघा आणि साचा कानशीने दुरुस्त करा.

पट्टीचं पुढचं ४०० मिमी टोक पाण्यात. पाव इंचाला साध्या पाण्यात रात्रभर, किंवा उकळत्या पाण्यात २०-२५ मिनिटं. उभं पातेलं कमी पडतं, म्हणून जाड पीव्हीसी पाइपचं एक टोक बंद करून उभा करा आणि वरून उकळतं पाणी ओता. पाइप मऊ होतो, भिंतीला बांधून ठेवा. पट्टी काढल्यावर अर्ध्या मिनिटात साच्यावर चढली पाहिजे. बाहेरच्या बाजूने पत्र्याची पट्टी धरून वाकवा, म्हणजे तंतू उचकटत नाहीत. पत्रा स्टेनलेसचा घ्या, साध्या लोखंडाचा काळा डाग ओल्या लाकडात उतरतो.

साच्यावर किमान एक दिवस, मग बाहेर सावलीत अजून दोन. ओल १२ टक्क्यांच्या वर असेल तर इपॉक्सी लावू नका. मापक नसेल तर स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा वापरा: भिजवण्याआधी पट्टीचं वजन तिच्यावरच पेन्सिलीने लिहा, परत तेवढ्यावर आली की तयार. पावसाळ्यात ती येतच नाही, तेव्हा शेडमध्ये बंद कपाट आणि आत ६० वॉटचा जुना पिवळा बल्ब. साच्यावर एका वेळी चार पट्ट्या शेजारी-शेजारी बसतील एवढा तो रुंद करा. रिब रोज एक निघते, पट्ट्या तीन दिवस घेतात.